एक पोस्ट, एक लाईक आणि कलम ६६ अ: सुप्रीम कोर्टाने रद्द केलेला कायदा पोलीस ठाण्यात सात वर्षं कसा टिकला?

तारीख होती १८ नोव्हेंबर २०१२. आदल्या दिवशी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं होतं. शिवाजी पार्कवर लाखोंची गर्दी लोटली होती. मुंबई आणि आसपासची शहरं बंद होती. दुकानं, रिक्षा, टॅक्सी, सगळं थांबलेलं.

त्या दिवशी पालघरमधल्या विशीतल्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसं रोज जन्माला येतात आणि रोज जातात, मग त्यासाठी शहर बंद कशाला? हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी? असा त्या ओळींचा आशय होता. पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट फक्त लाईक केली.

लगेच पोलिसांत तक्रार झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या हॉस्पिटलची जमावाने मोडतोड केली. दोघींनाही अटक झाली, लिहिणारीला आणि लाईक करणारीलाही. कोर्टाने प्रत्येकीला १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर जामीन दिला.

देशभर ओरड झाली. राज्य सरकारने ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना आणि संबंधित पोलीस निरीक्षकाला निलंबित केलं (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं). मुंबई उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांची बदली केली. पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केलं आणि खटला उभाच राहिला नाही.

पण प्रश्न उरला. ज्या कायद्याने लाईक करणाऱ्या मुलीला अटक होऊ शकते, तो कायदा नेमका आहे तरी कसा? या प्रश्नातून जे सुरू झालं, त्याचा परिणाम आज मोबाईलवर काहीही टाइप करणाऱ्या प्रत्येक माणसावर झाला आहे. ही सगळी गोष्ट क्रमाने समजून घेऊ.

कलम ६६ अ मध्ये नेमकं काय होतं?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. मूळ कायद्यात ६६ अ नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दुरुस्तीचं विधेयक आधीपासून प्रलंबित होतं, पण ते मंजूर झालं ते फारशी चर्चा न होता. २७ ऑक्टोबर २००९ पासून हे कलम लागू झालं.

कॉम्प्युटर किंवा मोबाईलवरून पुढच्या तीन प्रकारचा मजकूर पाठवणं हा त्यात गुन्हा होता:

• जो अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा आहे;
• जो खोटा आहे हे माहीत असूनही कुणाला त्रास, गैरसोय, अपमान, इजा, शत्रुत्व, द्वेष वगैरे व्हावं म्हणून वारंवार पाठवला आहे;
• जो ईमेल किंवा मेसेज त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण आहे याबद्दल फसवण्यासाठी पाठवला आहे.

शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत होती.

वरवर वाचलं तर यात वावगं काही वाटत नाही. त्रासदायक मेसेज कुणाला हवे असतात? अडचण शब्दांमध्ये होती. 'त्रास' म्हणजे काय? मॅच हरल्यावर टाकलेल्या मीमचा हरलेल्या संघाच्या चाहत्याला त्रास होतोच. 'गैरसोय' म्हणजे काय? 'अतिशय आक्षेपार्ह' हे कोण ठरवणार? कायद्यात यातल्या एकाही शब्दाची व्याख्या नव्हती. म्हणजे ठरवणार कोण, तर तक्रार करणारा आणि त्या वेळी ठाण्यात ड्युटीवर असलेला अधिकारी.

पालघर एकटं नव्हतं

त्याच वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना अटक झाली. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरचं एक व्यंगचित्र त्यांनी ईमेलने पुढे पाठवलं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर राजद्रोहाच्या कलमाबरोबर ६६ अ सुद्धा लावलं होतं.

पक्ष वेगळे, राज्यं वेगळी, पण पद्धत एकच. कुणीतरी सत्तेतल्या किंवा वजनदार माणसाबद्दल काहीतरी लिहायचं, कुणाच्या तरी भावना दुखावायच्या आणि पोलिसांनी ६६ अ लावायचं. निकालाच्या जेमतेम आठवडाभर आधी, मार्च २०१५ मध्येसुद्धा, उत्तर प्रदेशात बरेलीच्या अकरावीतल्या एका मुलाला राज्यातल्या एका मंत्र्याच्या नावाने टाकलेल्या फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती.

सुप्रीम कोर्टात प्रकरण कसं गेलं?

पालघरच्या घटनेनंतर त्याच महिन्यात श्रेया सिंघल या २१ वर्षांच्या तरुणीने सुप्रीम कोर्टात जनहित याचिका दाखल केली. तिला स्वतःला अटक झालेली नव्हती. इतकं साधं लिहिल्याबद्दल अटक होत असेल, तर हे कलमच राज्यघटनेत बसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. पुढे आणखी याचिका आल्या. त्यात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटनाही होती.

केंद्र सरकारने जानेवारी २०१३ मध्ये एक सूचनापत्र काढलं. ६६ अ खाली अटक करण्याआधी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची परवानगी घ्या, असं त्यात होतं. मे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पाळायला सांगितलं. बरेलीच्या मुलाला अटक झाली ती यानंतर. नुसत्या सूचनेने काम भागत नाही, हे त्यावरून दिसत होतं.

निकालात काय म्हटलं?

२४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ पूर्णपणे घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. निकाल न्या. नरिमन यांनी लिहिला. त्यातले चार मुद्दे प्रत्येक सोशल मीडिया वापरणाऱ्याने लक्षात ठेवावेत असे आहेत.

एक, बोलण्यावर बंधन कधी घालता येतं? घटनेच्या कलम १९(१)(अ) ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण ती फक्त कलम १९(२) मधल्या आठ कारणांसाठी: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत 'त्रास' नाही, 'गैरसोय' नाही. यादीत नसलेल्या कारणासाठी सरकार कुणाचं तोंड बंद करू शकत नाही.

दोन, बोलण्याच्या तीन पायऱ्या. कोर्टाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक केला. एखाद्या विषयावर चर्चा करणं, किंवा एखादं मत लोकांना कितीही न पटणारं असलं तरी त्याचा हिरिरीने पुरस्कार करणं, याला संरक्षण आहे. ते बोलणं चिथावणीपर्यंत पोहोचलं, तरच कायद्याचा हात पुढे येऊ शकतो.

तीन, अस्पष्ट कायदा. गुन्हा काय हे सामान्य माणसाला आधी कळलं पाहिजे, तरच तो टाळता येईल. एकाला आक्षेपार्ह वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही. कोर्टाने इंग्लंडमधल्या खटल्यांचा दाखला देऊन दाखवलं, की कायद्यातले असे शब्द लावताना प्रशिक्षित न्यायाधीशसुद्धा वेगवेगळ्या निष्कर्षांवर येतात. मग ठाण्यातल्या हवालदाराने काय करायचं?

चार, धसका. असा कायदा असला की प्रत्यक्ष अटक थोड्यांना होते, पण गप्प अनेक जण बसतात. लिहावं की नको, असा विचार करून माणूस लिहिलेलं खोडतो. निरुपद्रवी बोलणंही त्यात दबून जातं. हेही कोर्टाने कलम रद्द करण्याचं कारण मानलं.

हे कलम आलं काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारच्या काळात. कोर्टात अखेरच्या सुनावणीत त्याचा बचाव केला तो भाजपच्या नेतृत्वाखालच्या सरकारच्या वकिलांनी. कलमाचा वापर जबाबदारीने होईल, अशी हमीही सरकारने दिली होती. कोर्टाने ती मानली नाही. सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र मागे राहतं, त्यामुळे ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

त्या दिवशी सगळं मोकळं झालं का?

नाही. त्याच निकालात कोर्टाने कलम ६९ अ कायम ठेवलं. या कलमाखाली केंद्र सरकार एखादी वेबसाईट, पोस्ट किंवा अकाऊंट ब्लॉक करायला सांगू शकतं. त्यासाठी ठरलेली कारणं आहेत, समिती आहे आणि कारणं लेखी नोंदवण्याची अट आहे, म्हणून ते टिकलं.

कलम ७९ चा अर्थ मात्र कोर्टाने मर्यादित केला. फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपन्यांनी कुणाही माणसाच्या तक्रारीवरून स्वतःच न्यायाधीश होऊन मजकूर काढायचा नाही. कोर्टाचा आदेश किंवा सरकारची कायदेशीर सूचना आली, तरच तो काढण्याची कायदेशीर सक्ती त्यांच्यावर येते.

कलम रद्द झालं, पण ठाण्याला कळलंच नाही

कोर्टाने रद्द केलेलं कलम त्या क्षणापासून वापरता येत नाही. त्याखाली गुन्हा नोंदवता येत नाही, खटला चालवता येत नाही. प्रत्यक्षात घडलं वेगळंच.

पीयूसीएलने २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आकडेवारी ठेवली. ११ राज्यांच्या जिल्हा न्यायालयांमध्ये मार्च २०२१ ला ६६ अ चे ७४५ खटले चालू होते. त्याहून धक्कादायक आकडा वेगळाच होता. कलम रद्द होण्याआधी या राज्यांत ६८७ प्रकरणं नोंदली गेली होती. रद्द झाल्यानंतर १,३०७. म्हणजे मेलेल्या कलमाचा वापर जिवंत कलमापेक्षा जास्त झाला. रद्द झाल्यानंतरच्या प्रकरणांत पहिला क्रमांक होता महाराष्ट्राचा, ३८१. त्यानंतर झारखंड २९१, उत्तर प्रदेश २४५ आणि राजस्थान १९२.

ज्या राज्यातल्या अटकेमुळे हे कलम गेलं, त्याच राज्यात ते रद्द झाल्यावर सर्वाधिक वापरलं गेलं.

हे झालं कसं? यामागे कुणाचा कट शोधायची गरज नाही, रोजच्या कामकाजातच कारण सापडतं. कोर्टाने कलम रद्द केलं तरी कायद्याच्या छापील पुस्तकातून ते आपोआप पुसलं जात नाही. पानाच्या तळाशी एक बारीक टीप येते. ही गोष्ट २०२१ मध्ये खुद्द महान्यायवादींनी कोर्टाला सांगितली होती. ठाण्यातला अधिकारी पुस्तक उघडतो, कलम वाचतो आणि लावतो. खालची टीप त्याच्या नजरेतून सुटते. आरोपीच्या वकिलालाही माहीत नसेल, तर तो जामीन मागतो, पण हे कलमच अस्तित्वात नाही हे सांगत नाही. मग प्रकरण तारखांवर तारखा घेत राहतं.

पीयूसीएलने ही गोष्ट कोर्टापुढे आणल्यावर १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांना, राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना पाठवायला सांगितल्या. तरीही गुन्हे नोंदले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये प्रकरण पुन्हा कोर्टापुढे आलं, तेव्हा खुद्द न्या. नरिमन यांनीच धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना या कलमाखाली गुन्हे नोंदवू नका असं कळवलं.

शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने स्पष्ट आदेश दिला: ६६ अ खाली कुणावरही खटला चालवता येणार नाही, आणि चालू असलेल्या प्रकरणांतून या कलमाचा उल्लेख काढून टाकावा. प्राध्यापक महापात्र यांची सुटका झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. एका व्यंगचित्रासाठी जवळपास अकरा वर्षं.

आता ६६ अ नाही, मग पोस्टवरून गुन्हे कसे दाखल होतात?

कारण बाकीची कलमं आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सोशल मीडियावरच्या पोस्टसाठी त्यातली ही कलमं साधारणपणे लावली जातात:

• कलम १९६: धर्म, वंश, भाषा, जात वगैरेंवरून गटांमध्ये वैर वाढवणं.
• कलम २९९: धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावणं.
• कलम ३५३: लोकांत भीती किंवा वैर पसरवणारी विधानं, अफवा.
• कलम ३५६: बदनामी. हा अदखलपात्र गुन्हा आहे. यात पोलीस थेट अटक करू शकत नाहीत, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं.
• कलम १५२: देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणं. यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६७, म्हणजे अश्लील मजकूर प्रसिद्ध करणं, आजही लागू आहे. कुणाला धमकी देणं, कुणाचे खासगी फोटो टाकणं, दुसऱ्याच्या नावाने अकाऊंट चालवून फसवणं हे ६६ अ असताना गुन्हेच होते आणि आजही आहेत. ६६ अ गेल्याने त्यांना मोकळीक मिळालेली नाही.

यातली बरीचशी कलमं ६६ अ पेक्षा नेमकी आहेत. त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. पण ही तपासणी होते कोर्टात, आणि गुन्हा दाखल होतो ठाण्यात. या दोन जागांमधल्या अंतरात माणसाचे दिवस जातात, कधी वर्षं जातात.

कोल्हापूर, जामनगर, पुणे: तीन ताजी प्रकरणं

ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकाने व्हॉट्सअॅप स्टेटसला कलम ३७० हटवल्याचा दिवस काळा दिवस म्हटला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गटांत वैर वाढवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या सुप्रीम कोर्टातल्या खंडपीठाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देण्याने वैर वाढत नाही, असं कोर्टाने म्हटलं. पोलिसांना अभिव्यक्ती स्वातंत्र्याबद्दल शिकवण्याची वेळ आली आहे, असंही सांगितलं. ६६ अ च्या गोष्टीत दिसलेलं दुखणं हेच होतं.

वर्षभराने, २८ मार्च २०२५ रोजी, याच दोन न्यायमूर्तींनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर गुजरातमधल्या जामनगरला दाखल झालेला गुन्हा रद्द केला. त्यांनी टाकलेल्या व्हिडिओत एक कविता होती. शब्दांचा परिणाम कुणाच्या नजरेने मोजायचा, हा प्रश्न त्यात आला. प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या किंवा टीकेने डळमळणाऱ्या माणसाच्या नव्हे, तर समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने, असं कोर्टाचं उत्तर होतं. ही कसोटी मुळात आपल्याकडची आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूरच्या तेव्हाच्या उच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी ती भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात मांडली होती.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर सरकारवर टीका करणारी एक पोस्ट पुन्हा शेअर केली. विरोध होताच तिने ती काढली आणि माफीही मागितली. तरी ९ मे रोजी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, परीक्षेचे पेपर बुडाले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला खडसावत तिला जामीन दिला आणि कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली. जामीन मिळाला, पण अठरा दिवस कोठडीत गेलेच.

तिन्ही ठिकाणी कोर्टाने दिलासा दिला. तिन्ही ठिकाणी तो गुन्हा दाखल झाल्यानंतर मिळाला. युद्ध, निवडणूक, मोठ्या नेत्याचं निधन, दंगल अशा तापलेल्या दिवसांत लोक जास्त बोलतात, तक्रारीही जास्त होतात, आणि पोलिसांवर 'काहीतरी करा' असा दबाव असतो. हक्कांची खरी परीक्षा अशाच दिवसांत होते.

सरकारचं फॅक्ट चेक युनिट आणि मुंबईचा निकाल

२०१५ च्या निकालाचा उपयोग फक्त अटकेपुरता राहिला नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार होतं. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ऑफ इंडिया आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

३१ जानेवारी २०२४ रोजी निकाल विभागला गेला. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. मग प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. 'खोटा', 'दिशाभूल करणारा' या शब्दांची व्याख्या नाही, ते अस्पष्ट आहेत, हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण. नऊ वर्षांपूर्वी ६६ अ ज्या कसोटीवर पडलं, तीच ही कसोटी.

लाईक, फॉरवर्ड आणि ग्रुप अॅडमिन: कोर्टं काय म्हणतात?

लाईक: एप्रिल २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं, की पोस्ट लाईक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं किंवा पुढे पाठवणं नव्हे, त्यामुळे कलम ६७ लागत नाही. पालघरच्या त्या मैत्रिणीचा प्रश्न इतक्या वर्षांनी कोर्टापुढे आला, तो असा.

फॉरवर्ड किंवा शेअर: इथे मात्र जपून. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अभिनेते आणि राजकारणी एस. व्ही. शेखर यांच्या प्रकरणात म्हटलं, की मेसेज फॉरवर्ड करणं म्हणजे तो मान्य करून त्याला पाठिंबा देणं. 'मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं' हा बचाव पुरेसा ठरेलच असं नाही.

ग्रुप अॅडमिन: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा आधीपासून समान हेतू होता, हे दाखवावं लागतं.

उच्च न्यायालयांचे हे निकाल आपापल्या राज्यात बंधनकारक असतात. इतर राज्यांत त्यांचा आधार घेता येतो, पण तिथलं कोर्ट वेगळं मतही देऊ शकतं.

पोस्टवरून पोलिसांचा फोन आला तर?

हा वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही. पण या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या:

• कलम विचारा. एफआयआरची प्रत मागा. संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर पोलिसांच्या वेबसाईटवर टाकावी, असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. त्यात ६६ अ दिसलं, तर वकिलाला २०१५ चा निकाल आणि १२ ऑक्टोबर २०२२ चा आदेश सांगा.
• सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटक गरजेची नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली पोलीस हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची असेल, तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. म्हणून नोटीस टाळू नका, ठरलेल्या वेळी जा.
• तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करणंच योग्य, असं सुप्रीम कोर्टाने जामनगरच्या प्रकरणात सांगितलं आहे.
• अटक झाली तर कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर होण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ ने दिला आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची, तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.
• वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन क्रमांक १५१००.
• पोस्ट काढली म्हणून गुन्हा संपत नाही, पण हेतू तपासताना त्याचा विचार होऊ शकतो. काढण्याआधी पूर्ण पोस्टचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. पुढे कुणी अर्धीच ओळ दाखवली, तर तुमच्याकडे पूर्ण मजकूर असेल.

एका नजरेत

२००९: कलम ६६ अ लागू.
२०१२: महापात्र, त्रिवेदी आणि पालघरच्या अटका, सुप्रीम कोर्टात याचिका.
२०१५: कलम रद्द.
२०१९: निकालाच्या प्रती देशभर पाठवण्याचा आदेश.
२०२१: रद्द कलमाखाली १,३०७ प्रकरणं नोंदल्याचं उघड.
२०२२: एकही खटला चालवू नका, असा आदेश.
२०२४: कोल्हापूरचा गुन्हा आणि फॅक्ट चेक युनिटचा नियम रद्द.
२०२५: जामनगरचा गुन्हा रद्द, पुण्याच्या विद्यार्थिनीला जामीन.

या यादीतला २०१५ आणि २०२२ मधला काळ पुन्हा एकदा बघा. सुप्रीम कोर्टाने हक्क मान्य केला होता, बातम्या झाल्या होत्या, लोकांनी अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या होत्या. त्याच वेळी कुठल्यातरी तालुक्याच्या ठाण्यात तेच कलम लिहिलं जात होतं, आणि समोर बसलेल्या माणसाला ते रद्द झाल्याचं माहीत नव्हतं. हे संपलं ते कुणीतरी आकडे गोळा करून पुन्हा पुन्हा कोर्टात गेलं म्हणून. निकाल कागदावर असतो. ठाण्यातल्या टेबलावर तो कुणीतरी नेऊन ठेवावा लागतो. पुढच्या वेळी तो माणूस तुम्ही किंवा तुमच्या ग्रुपमधलं कुणी असेल, तर निदान २४ मार्च २०१५ ही तारीख तरी लक्षात असू द्या.